जिताड्याच्या पिल्लांवर २४ तास उजेड ठेवलाय, पोटं भरलेली आहेत पण शेपट्या कुरतडलेल्या दिसतात

टाकीकाठी

नमस्कार मंडळी. बंदिस्त शेडमध्ये जिताड्याच्या, म्हणजे खाडी-समुद्रातल्या शिकारी माशाच्या, चार टाक्या आहेत. गोल, फायबरच्या, प्रत्येकी ५०० लिटर, आतून पांढऱ्या. पिल्लं आज २२ दिवसांची झाली. रोटिफर (डोळ्याला जेमतेम दिसणारं जिवंत खाद्य) बंद करून आठवडा झाला, आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचा बारीक जीव) चालू आहे आणि चार दिवसांपासून बारीक दाण्याच्या कोरड्या खाद्याची सवय लावतोय.

दहा दिवसांपूर्वी टाक्यांवर नवीन एलईडी ट्यूब बसवल्या. बसवून देणारा म्हणाला, चोवीस तास चालू ठेवा, मासा डोळ्याने बघून खातो, उजेड असेल तेवढा वेळ खाईल. मला पटलं. पहिले पाच-सहा दिवस फरकही दिसला. कधीही बघावं तर पोटं आर्टेमियाने नारिंगी, टम्म.

आता गेल्या तीन दिवसांत टाकी १ आणि २ मध्ये रोज सकाळी तळाशी मेलेली पिल्लं सापडतात. काहींच्या शेपटीचा पंख अर्धा गेलेला, काहींच्या तोंडाचं टोक पांढरं पडून सोललेलं. जिवंत पिल्लं टाकीभर पसरत नाहीत, एका बाजूच्या भिंतीला चिकटून गर्दी करतात आणि तिथेच भिंतीवर तोंड घासत राहतात. टाकी ३ मध्ये थोडं कमी. टाकी ४ वरची एक ट्यूब पहिल्याच दिवशी गेली होती, ती बदलायची राहिली. त्या टाकीतली पिल्लं किंचित लहान आहेत पण सगळी एकसारखी, आणि मेलेली जवळजवळ नाहीत.

पाणी तपासलं. तापमान २९, ऑक्सिजन ठीक, अमोनिया चारही टाक्यांत सारखाच, कमी. मग राहिला तो उजेड. खरंच उजेडाने असं होतं का? आणि होत असेल तर आत्ता काय करू? दिवे बंदच करून टाकू?

मागूर_संगोपक

माझा अनुभव विचाराल तर अंधार करा. मी मागूरची पिल्लं करतो. टाक्यांवर काळी ताडपत्री असते, खाद्य टाकताना आणि सफाईलाच ती उघडतो. एकदा शेडच्या दुरुस्तीच्या दिवसांत चार दिवस ताडपत्री काढून ठेवावी लागली, तर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक ढीग करून बसली आणि मिशा चावलेल्या दिसायला लागल्या. ताडपत्री परत घातली, दोन दिवसांत शांत. आफ्रिकन मागूरवर याचे प्रयोगही झालेत, अंधारात किंवा अगदी मंद उजेडात पिल्लं जास्त वाढतात आणि एकमेकांना कमी चावतात. तुम्ही उगाच वीज जाळताय.

पहाटपाळी

टाकीकाठी दादा, दिवे बंद करू नका. निदान एकदम तर नकोच. आधी हे वाचा.

मागूरवाल्या दादांचं त्यांच्या माशापुरतं अगदी बरोबर आहे. मागूर मिशांनी आणि वासाने खातो, त्याला डोळ्यांची फारशी गरज नाही, तो मुळात रात्रीचा मासा. पण तोच नियम जिताड्याच्या पिल्लाला लावला तर ते आर्टेमियाने भरलेल्या टाकीत उपाशी मरेल. या वयाचं जिताड्याचं पिल्लू भक्ष्य डोळ्याने हेरतं. एकदा टाकीत मंद बॅटरी तिरपी धरून एकाच पिल्लाकडे दोन मिनिटं बघा. ते पुढे जाता जाता थबकतं, दोन्ही डोळे एका ठिपक्यावर आणतं, शरीर इंग्रजी एससारखं वाकवतं आणि मग झेप. ती झेप स्वतःच्या अंगाच्या लांबीएवढ्या टप्प्यातच असते. त्यापलीकडचं त्याला धड दिसत नाही. उजेड कमी पडला की हा टप्पा आणखी आखडतो आणि समोरून गेलेलं भक्ष्य निसटतं. म्हणून बसवून देणाऱ्याने सांगितलं त्यात अर्धं खरं होतं. उजेडात पिल्लं जास्त खातात, हे तुम्ही पोटांवरून बघितलंच.

बिघडलंय ते दुसरीकडे, आणि माझ्या मते एकाच वेळी तीन-चार गोष्टी बिघडल्यात.

पहिली म्हणजे पांढरी भिंत. समुद्रात उजेड मुख्यतः वरून येतो, बाजूने फार कमी. तुमच्या टाकीत तो वरून येतो, पांढऱ्या भिंतीवर आपटतो आणि पिल्लाला वाटतं, तिकडे मोकळं पाणी आहे. ते उजेडाकडे जातं, तोंड भिंतीला लागतं, मागे येतं, पुन्हा जातं. दिवसभर. तोंडाचं टोक सोललं की तिथे जिवाणू शिरतात. तुम्ही लिहिलेलं पांढरं टोक मला तरी हेच वाटतं. उत्तर अमेरिकेत वॉलआय नावाचा मासा टाकीत वाढवायला घेतला तेव्हा नेमकी हीच अडचण आली होती, पिल्लं भिंतीला चिकटून मरायची. त्यांनी पाण्यात बारीक चिकणमाती मिसळून ते मुद्दाम गढूळ केलं. उजेड विखुरला, भिंत दिसेनाशी झाली, पिल्लं टाकीभर पसरली आणि खायला लागली. आपल्याकडे तेच काम हिरवं पाणी करतं. तुम्ही रोटिफर बंद करताना शैवालही बंद केलं असणार, बरोबर? बहुतेक जण तेच करतात. शैवाल म्हणजे रोटिफरचं खाणं, एवढंच डोक्यात असतं. पण ते उजेडाची चाळणीसुद्धा असतं.

दुसरी, आर्टेमिया स्वतः उजेडाकडे धावतो. ट्यूबच्या बरोबर खाली, जिथे सगळ्यात लख्ख आहे तिथे त्याचा नारिंगी पट्टा तयार होतो, आणि त्या पट्ट्यात सगळी पिल्लं. म्हणजे तुमची टाकी ५०० लिटरची असली तरी पिल्लं राहतात पन्नास लिटरमध्ये. त्या गर्दीत एखादी झेप चुकून भावंडाच्या शेपटीवर बसते. एकदा शेपटी तुटलेलं पिल्लू वेडंवाकडं पोहायला लागलं की ते भक्ष्यासारखंच दिसतं.

तिसरी, चोवीस तास. उजेड चोवीस तास आहे, पण खाद्य चोवीस तास आहे का? मध्यरात्री ते पहाट तुम्ही आर्टेमिया टाकत नसाल. दिवे चालू, पोट रिकामं, समोर भावंड. जिताडा स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंड गिळतो, आणि या वयात हे सुरू होतंच. उजेड त्याला ते करायला जास्तीचे सहा-आठ तास देतो.

आणि चौथी, जी मला सगळ्यात जिव्हाळ्याची आहे. माशाला पापणी नाही. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांची बाहुलीसुद्धा आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. आपण उन्हात आलो की डोळे मिटतो, बाहुली आवळते, दोन-चार सेकंदांत काम होतं. मासा हे डोळ्याच्या पडद्याच्या आत करतो. तिथले रंगद्रव्याचे कण आणि उजेड टिपणाऱ्या पेशी पुढे-मागे सरकतात आणि एकमेकांवर सावली धरतात. याला वीस मिनिटांपासून तासभर लागतो. तेवढा वेळ त्याला दिलाच पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी तेव्हा रात्रपाळीला एकटी होते, पिल्लं २६ दिवसांची. एअरेटरचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून शेडमध्ये आले आणि सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. सहा ट्यूब एकदम लागल्या. पाण्यावर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. टाकीभर पिल्लं उसळत होती, भिंतीवर आपटत होती, काही काठावरून खाली ओल्या फरशीवर. मी घाबरून बटण बंद केलं, आणि ती दुसरी चूक, कारण एकदम अंधार हा एकदम उजेडासारखाच धक्का आहे. सकाळी तळ साफ करताना सायफनच्या जाळीत येणारी पिल्लं मोजत होते. २०० पर्यंत मोजली, मग मोजवेना. एअरेटरला काही झालेलं नव्हतं.

तुमच्याकडे दिवे चोवीस तास चालू आहेत म्हणून हा धक्का अजून बसलेला नाही. पण वीज गेली आणि परत आली तर बसेल. म्हणून आधी ही सोय करा. टाक्यांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून एक लहान दिवा लावा. रात्र करायची वेळ झाली की तो आधी लावायचा, मग एकेक ट्यूब पाच-सात मिनिटांच्या अंतराने बंद करायची, अर्ध्या तासाने तो लहान दिवा. सकाळी याच्या उलट. आणि ट्यूबचं मुख्य बटण असं ठेवा की वीज परत आल्यावर ट्यूब आपोआप लागणार नाहीत.

आज एवढं करा. मोठी झालेली पिल्लं चाळून वेगळी काढा, हे उजेडाच्या आधी. टाक्यांच्या भिंती बाहेरून काळ्या कापडाने गुंडाळा, कारण फायबरमधून बाजूचाही उजेड आत येतो. पाण्यात थोडं शैवाल परत सोडा. आणि ट्यूब वर उचला. जितकी उंच तितका उजेड सारखा पसरतो. लक्समीटर असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर मोजून आकडे इथे टाका. नसेल तर फोनमधलं अ‍ॅप चालेल, आकडा अचूक नसला तरी टाक्यांची आपसात तुलना होते.

टाकीकाठी

ताई, खूप आभार. शैवाल बंद केलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच. मध्यरात्री बारा ते पाच खाद्य बंद असतं, हेही खरं.

मीटर मिळाला. टाकी १ ला ट्यूबच्या बरोबर खाली २६००, काठाला ९००. टाकी २ साधारण तेवढंच. टाकी ३ ला मध्यात १४००. टाकी ४ ला सगळीकडे ३५० च्या आसपास. म्हणजे मरण्याचा क्रम आणि उजेडाचा क्रम एकच निघाला. आकडे लिहून समोरासमोर ठेवले तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो.

आता प्रश्न असे. किती तास रात्र द्यायची? किती लक्स योग्य? आणि निळा दिवा लावला तर मासा शांत राहतो असं वाचलंय, ते खरं का?

थंडपाणी

मी थंड पाण्यातल्या माशांवर काम केलंय, जिताड्यावर नाही, त्यामुळे लक्सचं ताई सांगतील. फक्त रात्रीबद्दल लिहितो, कारण आमच्या कामात रात्रीलाच सगळ्यात जास्त किंमत असते.

माशाच्या कवटीच्या वरच्या बाजूला, कातडीखाली पिनियल ग्रंथी असते आणि ती स्वतः उजेड ओळखते, डोळे असोत वा नसोत. अंधार पडला की ती मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक सोडते, उजेड झाला की थांबते. किती तास मेलॅटोनिन वाहिलं यावरून शरीराला दिवस कळतो आणि ऋतूही कळतो. सॅमन माशाच्या गोड्या पाण्यात जन्मलेल्या पिल्लांना समुद्राच्या पाण्यासाठी तयार करायचं असेल तर त्यांना आधी साधारण सहा आठवडे १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देतात. हा झाला बनावट हिवाळा. मग २४ तास उजेड, म्हणजे वसंत आला. तेव्हा कुठे पिल्लाच्या अंगाचे उभे पट्टे जाऊन ते चंदेरी होतं आणि कल्ले खारं पाणी पेलायला तयार होतात. ज्यांना पहिल्यापासून सतत उजेडच मिळाला त्यांना हिवाळा आलाच नाही, मग त्यांच्यात हा बदल नीट घडत नाही. खाद्य तेच, पाणी तेच, फरक फक्त दिव्याच्या बटणाचा.

अंड्यांचंही सांगतो. ट्राउटची अंडी आम्ही झाकूनच ठेवतो, निळ्या-जांभळ्या उजेडाने ती खराब होतात. हॅलिबट या समुद्री चपट्या माशाचं तर डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. फुटायला आलेली अंडी उजेडात ठेवली तर फुटत नाहीत, थांबून राहतात. अंधार केला की काही तासांत सगळी एकदम फुटतात. त्यामुळे एका वयाची पिल्लं एकत्र मिळतात. पुढे पीतक (अंड्यातून पोटाशी आलेला खाण्याचा साठा) संपेपर्यंत हॅलिबटची पिल्लं कित्येक आठवडे काळोखातच वाढवतात.

पहाटपाळी

थंडपाणी दादा, अंधारात अंडी थांबून राहतात असं मी उलटं समजत होते, बरं झालं लिहिलंत.

टाकीकाठी, तुमच्या आकड्यांकडे येते. २६०० हा आकडा स्वतःहून वाईट नाही. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या रात्री एक लक्ससुद्धा नसतो, आणि कॉड माशाची पहिल्या आठवड्यांतली पिल्लं २००० च्या आसपास उत्तम वाढतात. वाईट आहे ते मध्यात २६०० आणि काठाला ९००, म्हणजे हाताच्या अंतरावर तिप्पट फरक. पिल्लू त्या उतारावरून सतत वर चढत राहतं. टाकी ४ चांगली आहे कारण तिथे उजेड कमी आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे तिथे उजेड सपाट आहे. मी या वयाला ३०० ते ५०० ठेवते आणि सगळ्या पृष्ठभागावर फरक दीडपटीच्या आत. हा माझ्या टाक्यांचा हिशोब, माझ्या काळ्या भिंतींसकट. तुम्ही तुमच्या पिल्लांकडे बघून बसवा.

रात्र मी आठ तास देते. दिवे विझायच्या तासभर आधी शेवटचं भरपेट खाणं, आणि सकाळी लहान दिवा लागल्यावर अर्ध्या तासात पहिलं. मंद उजेडाच्या त्या दोन्ही वेळा शिकारीच्या असतात, त्या वेळी पोट रिकामं असू नये. तिलापियावाल्यांनी हे वाचून आपल्याकडे आठ तास अंधार करू नये. तिलापियाच्या अगदी लहान पिल्लांना १८ तास आणि त्याहून जास्त उजेड मानवतो, बोटुकली झाल्यावर मात्र तेवढा फरक पडत नाही. प्रत्येक माशाचं वेगळं, आणि एकाच माशाचं वयाप्रमाणे वेगळं. सेनेगल सोल नावाचा चपटा मासा आहे, त्याचं पिल्लू सुरुवातीला दिवसा खातं. मग त्याचा एक डोळा सरकून दुसऱ्या बाजूला जातो, ते तळाशी बसायला लागतं, आणि त्याच सुमाराला ते रात्री खाणारं होतं. तो दिवस चुकला की दिवसा टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि आपल्याला वाटतं पिल्लं आजारी आहेत.

निळ्याचं उत्तर थोडं लांब आहे. पाणी लाल उजेड आधी शोषून घेतं, निळा-हिरवा खोलवर जातो, म्हणून समुद्रातल्या पिल्लांचे डोळे निळ्या-हिरव्याला जुळलेले असतात. युरोपातल्या सी बासच्या पिल्लांना निळा उजेड आणि रीतसर दिवस-रात्र दिली तेव्हा ती लाल उजेडातल्या आणि सतत उजेडातल्या पिल्लांपेक्षा सरस निघाली. तिलापियात ताण दिल्यावर वाढणारं कॉर्टिसॉल निळ्या उजेडाखाली वाढलं नाही, तुम्ही वाचलंत ते बहुधा हेच. एका जपानी चपट्या माशाची वाढ हिरव्या दिव्याखाली चांगली होते. पण तुमच्या टाकीत आत्ता जे होतंय ते रंगाने सुटणार नाही. पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा असतोच. आणि निळा दिवा लावलात तर मीटरवर विसंबू नका. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याचं आहे. निळ्या दिव्याखाली मीटर कमी दाखवेल, तुम्ही आणखी दिवे लावाल आणि पिल्लाचे डोळे दिपतील.

एक उपयोग मात्र रंगाचा आहे. रात्री टाकी बघायची असेल तर गडद लाल बॅटरी, मंद, बोटांआडून. समुद्राच्या बहुतेक पिल्लांना तो फारसा जाणवत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांना लाल चांगला दिसतो, त्यांच्याकडे ही युक्ती चालत नाही.

मागूर_संगोपक

ताई, शेवटचं वाक्य वाचून कळलं की माझी मागूरची पिल्लं लाल बॅटरीलाही का दचकतात. मी समजत होतो त्यांना पाण्याचा हादरा लागतो. जिताड्याबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो, कुणी तो वाचून टाकी झाकू नका.

टाकीकाठी

नऊ दिवस झाले. सगळं लिहितो, चुकलेलंही.

पहिल्याच दिवशी चाळणी केली. टाकी १ मधून मोठी ३४ पिल्लं निघाली, त्यातल्या दोघांच्या तोंडात भावंडाची शेपटी तशीच बाहेर होती. ती ३४ वेगळी ठेवली.

ट्यूब उंच करायला छताला जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकी १ च्या अर्ध्या भागावर शेडनेट ताणलं. वाटलं, ज्याला उजेड हवा तो उजेडात, ज्याला सावली हवी तो सावलीत. तसं झालं नाही. संध्याकाळी स्टूल घेऊन बसलो तर त्यातल्या त्यात मोठी पिल्लं सावलीच्या कडेला, अगदी रेषेवर, तोंड उजेडाकडे करून स्थिर उभी. लहान पिल्लं उजेडात आर्टेमियाच्या मागे आली की सावलीतून झेप. त्यांना बाहेरचं सगळं दिसत होतं आणि बाहेरच्यांना ती दिसत नव्हती. एका तासात डोळ्यांदेखत सात वेळा. शेडनेट लगेच काढलं नाही, आधी लहान दिवा लावून ट्यूब कमी केल्या आणि मग काढलं. एवढं तरी तुमच्या २६ दिवसांच्या पिल्लांमुळे शिकलो होतो.

नंतर शेडनेट पूर्ण टाकीवर, दुहेरी, ट्यूब आणि पाणी यांच्या मधोमध. आता मध्यात ४८०, काठाला ३९०. बाहेरून काळं कापड. शैवाल एवढंच की अर्धा हात खोल पांढरी बशी अंधुक दिसते. रात्र दहा ते सहा.

पहिल्या दोन रात्री मला झोप आली नाही. अंधारात ती काय करत असतील असं वाटत राहिलं. तिसऱ्या रात्री लाल बॅटरी बोटांआडून धरली. पिल्लं टाकीभर विखुरलेली, बहुतेक तळाजवळ, डोकं किंचित खाली, जागच्या जागी हलकेच पंख हलवत. भिंतीला एकही नाही. दिवे बसवल्यापासून त्यांना पहिल्यांदाच थांबलेलं बघितलं.

टाकी १ मध्ये मरण चौथ्या दिवसापासून कमी झालं, आता रोज दोन-तीन. तोंड सोललेली जी होती त्यातली बरीचशी गेली, ती वाचवता आली नाहीत. टाकी ४ अजूनही सगळ्यात चांगली आहे, आणि आता पिल्लं लहानही वाटत नाहीत.

एक राहिलंय. रोज चार-साडेचारला खिडकीतून उन्हाची तिरीप टाकी २ वर येते. हाताएवढा पट्टा. तो सरकतो तशी पिल्लं त्याच्या मागे सरकतात, आणि पट्टा भिंतीवर चढला की सगळी भिंतीला. खिडकी उद्या काळ्या कागदाने बंद करतोय.

आता शेवटचं विचारतो. पुढची तुकडी थेट अंड्यांपासून करायची आहे. टाक्या आतून काळ्या करून घेतोय, तळ तेवढा फिकट ठेवतोय म्हणजे घाण दिसेल. पहिल्या दिवसापासून हेच ठेवू ना, ४०० लक्स आणि आठ तास रात्र?

पहाटपाळी

नाही, दादा. पहिल्या दिवसांत हेच ठेवलंत तर पिल्लं उपाशी राहतील.

आत्ताच्या पिल्लाच्या डोळ्यात मंद उजेडात बघणाऱ्या पेशी तयार झाल्यात. अंड्यातून नुकत्याच आलेल्या समुद्री पिल्लात त्या बहुधा नसतात. सुरुवातीला फक्त भरपूर उजेडात काम करणाऱ्या पेशी, दुसऱ्या मागाहून येतात. म्हणजे लहान पिल्लाला मोठ्यापेक्षा जास्त उजेड लागतो, आणि डोळ्याचा पडदा सावरून घ्यायची सोयही त्याच्याकडे अजून नसते. म्हणून जास्त, पण मऊ. मी सुरुवातीला हजाराच्या आसपास ठेवते, हिरव्या पाण्यावर, चारही बाजूंनी सारखा, आणि दिवस मोठा, सोळा-अठरा तासांचा. दोन आठवड्यांनंतर, पहिलं पिल्लू भावंडाच्या मागे लागलेलं दिसलं की उजेड पायरीपायरीने खाली आणते. ही पायरी दोन-तीन दिवसांत एक.

तोंड उघडायच्या आधी मात्र लख्ख दिवे लावायची गरज नाही. पीतक असेपर्यंत त्याला बघून करायचं काही नसतं, उगाच उजेडाकडे पोहून ते शक्ती घालवतं. तोंड उघडतं साधारण दुसऱ्या दिवशी, तोवर मंद.

शैवाल घातल्यावर रात्रीचा ऑक्सिजन मोजत जा, अंधारात शैवालही तो वापरतं. आणि दिवे कमी करण्याची पायरी आणि पाणी बदल एकाच दिवशी करू नका, काही बिघडलं तर कशाने ते कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण उजेड होऊन तासभर झाला की काचेच्या बीकरमध्ये दहा पिल्लं घ्या, मागे काळा कागद धरा आणि बाजूने भिंगातून बघा. पिल्लू काचेसारखं असतं, आतडं भरलेलं असेल तर मध्यात राखाडी गोळी स्पष्ट दिसते. दहापैकी कितींत दिसली ते इथे लिहा. सहाच्या खाली असतील तर दिवा किंवा रोटिफर, दोन्हींपैकी एक कमी आहे, आणि कोणतं ते आपण त्याच दिवशी शोधू.